अर्धी बांधलेली आरडी ३५० विकायचीय? मग रंगाचा डबा उघडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९७३ ची यामाहा आरडी ३५० (दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल) आहे, इंजिन चार वर्षांपूर्वी बांधून घेतलं पण त्यानंतर एकदाही चालू केलेलं नाही, फ्रेमला पावडर कोट झालाय, टाकी मूळ रंगाची आहे पण तिला एक डेंट आणि आतून गंज, वायरिंग बाकी, चेंबर (सायलेन्सरच्या जागी बसणारे फुगीर रेसिंगचे पाइप) नवीन घेतलेत, मूळ सायलेन्सर गुंडाळून ठेवलेत, आणि उरलेलं सगळं चार खोक्यांत. आता घर बदलायचंय, जागा नाही, वेळ नाही. पूर्ण करून विकू, आहे तशी विकू का सुटी करून विकू, आणि किंमत काय लावू.

आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो. पूर्ण करू नका, सुटी तर अजिबात करू नका, आहे तशीच विका. फक्त विकायच्या आधी तीनचार रविवार द्या आणि ते सगळे रविवार इंजिनावर घाला, रंगावर, बफिंगवर, क्रोमवर एकही नको. मी पंचवीसेक वर्षं टू-स्ट्रोक खोलतोय, अर्धवट गाड्या घेतल्यात पण आणि विकल्यात पण, आणि दोन्हीकडून बघितल्यावर एकच गोष्ट कळली की घेणारा तुमच्या पावत्यांचे पैसे देत नाही, त्याला जेवढं तपासून बघता येतं तेवढ्याचेच देतो.

समजा पूर्ण झालेल्या अशाच गाडीची किंमत १०० धरली (आणि ही धरताना जाहिरातीतली मागितलेली किंमत धरू नका, खरंच विकल्या गेलेल्या गाडीची धरा, दोन्हीत लई फरक असतो). त्यातून उरलेल्या कामाचं सामान आणि मजुरी म्हणून ३० वजा. राहिले ७०. पण कोणी ७० देणार नाही, कारण तुमचं "इंजिन बांधलंय" हे वाक्य त्याच्या कानाला "इंजिन बांधलंय म्हणे" असं ऐकू येतं आणि त्या "म्हणे"चे तो अजून २५ कापतो. आता हिशोब तुमच्याच हातात आहे, ३० मधलं काही कमी करायचं म्हणजे वायरिंग, रंग, क्रोम, सीट सगळं स्वतःच्या खिशातून करायचं आणि त्यात घातलेल्यातलं जेमतेम अर्धं परत येतं, पण तो २५ चा "म्हणे" एका तपासणीने आणि एका व्हिडिओने पाचावर येतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं.

आता इंजिनाकडे या, कारण इथे तुमचा एक गैरसमज आहे असं प्रश्न वाचून वाटलं. चार वर्षांपूर्वी बांधलेलं आणि न चालवलेलं इंजिन हे नवीन इंजिन नसतं. फोर-स्ट्रोकमध्ये खाली ऑइल भरलेलं असतं, टू-स्ट्रोकच्या क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला) तसलं काही नाही, पेट्रोलबरोबर जे ऑइल येईल तेवढ्यावरच बिगएंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) आणि मेन बेअरिंग जगतात. बांधताना मेकॅनिकने लावलेला थेंबभर ऑइलचा हात चार पावसाळे पुरत नाही. क्रँक एकाच जागी थांबलेला असेल तर बेअरिंगच्या रोलरखाली गंजाची बारीक रेघ येते आणि चालू केल्यावर तिथूनच आवाज सुरू होतो. म्हणून किक मारायच्या आधी दोन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, इनटेकच्या रबरातून पण थोडं आत जाऊ द्या, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हाताने किक दाबत हळूहळू फिरवा. खरखर लागली तर तिथेच थांबा आणि जाहिरातीत तसं लिहा.

खरखर नाही ना, मग प्रेशर टेस्ट. अर्धवट टू-स्ट्रोक विकणाऱ्या दहातले नऊ जण ही करत नाहीत, आणि जाणता गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो. टू-स्ट्रोकची क्रँककेस हाच तिचा पंप आहे, तिथे हवा गळली की सगळं गणित बिघडतं. एक्झॉस्टच्या तोंडावर रबर घालून पत्रा आवळायचा, कार्ब काढून इनटेकच्या रबरात घट्ट बूच, आणि प्लगच्या भोकातून हवा भरायची. हवा भरायला मी काय वापरतो सांगू, बीपी मोजायच्या जुन्या मशिनचा फुगा आणि घड्याळ. त्या घड्याळाचा काटा ३०० पर्यंत जातो, ३०० (मिलिमीटर पारा) म्हणजे सहा पीएसआयला थोडं कमी, आणि आपल्याला नेमकं तेवढंच पाहिजे. कॉम्प्रेसर जोडू नका, जास्त दाब दिला तर चांगला सील उलटायचा. ३०० वर नेऊन सोडून द्या आणि सहा मिनिटं बघा. काटा जागच्या जागी किंवा अगदी किंचित खाली असेल तर सोन्याहून पिवळं, मिनिटाला पन्नासेक म्हणजे साधारण एक पीएसआयच्या वर पडत असेल तर गळती शोधा.

शोधायला साबणाचं पाणी आणि कान. आधी तुमची स्वतःची बुचं तपासा, निम्म्या वेळा तीच गळत असतात. मग सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, हेड, आणि मग डावीकडचा अल्टरनेटर काढून त्याच्यामागचा सील. तिथे बुडबुडे आले की समजा तो सील गेला, असं इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल आपोआप चढतं आणि एक दिवस पिस्टनला भोक. उजवीकडचा क्लचच्या बाजूचा सील डोळ्याला दिसत नाही, त्याच्यासाठी गिअरबॉक्सच्या ऑइलचं बूच उघडून कान लावा, आतून सुसू आवाज आला की तो सील. चालू गाडीत हाच सील गिअरबॉक्सचं ऑइल पितो आणि लोक म्हणतात "टू-स्ट्रोक आहे, धूर तर येणारच". आणि एका सिलिंडरमध्ये भरलेली हवा दुसऱ्यातून भसाभसा निघायला लागली तर मधल्या सीलवर संशय घ्या, त्याला क्रँक पूर्ण सुटा करावा लागतो, म्हणजे मोठं काम. हे निघालं तर दुरुस्त करत बसू नका, लिहून टाका. मधला सील गेलेली गाडी विकली जाते, पण मधला सील गेलाय हे घेणाऱ्याला घरी नेल्यावर कळलं तर तुमची झोप जाते.

हे एवढं का सांगतोय, तर मी स्वतः असा फसलोय. "फुल इंजिन काम, झिरो किलोमीटर" म्हणून एक अर्धवट ट्विन (दोन सिलिंडरची गाडी) घेतली होती, पावत्या होत्या, पिस्टन खरंच नवीन होते. घरी आणून हेड काढलं तर डाव्या पिस्टनवरचा बाण मागे, कार्बच्या बाजूला. तो बाण एक्झॉस्टकडे पाहिजे, कारण रिंगेची तोंडं जिथे मिळतात तिथे खाचेत एक बारीक पिन असते, ती पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) उघड्या जागेवर येणार नाही अशी बसवलेली असते, पिस्टन उलटा लावला की रिंगेचं टोक नेमकं पोर्टवर येतं आणि तिथे अडकून तुटतं. वर आणि ज्या लेथवाल्याने बोअर केलं होतं त्याने पोर्टच्या कडा मोडल्याच नव्हत्या, बोटाला ब्लेडसारखी धार लागत होती. नशीब किक मारायच्या आधी हेड काढलं. विकणारा माणूस खोटारडा नव्हता हो, त्याला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी पावती बघतच नाही, हेड काढायची परवानगी मागतो. तुम्ही पण हेड काढून दोन्ही पिस्टनच्या माथ्याचे फोटो घ्या, बाण दिसेल आणि ओव्हरसाइजचा (बोअर करून पिस्टन किती मिलिमीटर मोठा घातलाय त्याचा) आकडा पण दिसेल. ०.२५ असेल तर घेणाऱ्याला कळतं की ०.५०, ०.७५, १.०० असे अजून बोअर शिल्लक आहेत, आणि १.०० असेल तर लायनरचं आयुष्य संपत आलंय. हा एक आकडा चकचकीत मडगार्डपेक्षा जास्त बोलतो.

टेस्ट पास झाली की चालू करा. वायरिंग बाकी आहे म्हणून अडून बसू नका, या गाडीला इग्निशनपुरतं फार काही लागत नाही, बॅटरी, दोन कॉइल, दोन पॉइंट, कंडेन्सर आणि मध्ये एक बटन, दीड फुटाची तात्पुरती वायर ओढली की झालं. बंद करायचं बटन हाताशी पाहिजे म्हणजे पाहिजे, लीन झालेलं टू-स्ट्रोक कधीकधी स्वतःहून पळत सुटतं आणि तेव्हा वायरी उपटत बसायला वेळ नसतो. टायमिंग डायल गेजने दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लावा, एका बाजूचं लावलं म्हणून दुसरीचं आपोआप येत नाही. पेट्रोल बाटलीतून द्या, गंजक्या टाकीतून नको, आणि त्यात लिटरला ४० मिली ऑइल मिसळून द्या.

व्हिडिओ एकच घ्या, न कापलेला. आधी सिलिंडरवर हात ठेवून दाखवा की इंजिन थंड आहे, मग किक, मग दोनतीन मिनिटं चालू. पहिल्यांदा धुराचा लोट येणार, आपणच आत ऑइल घातलंय, तो येऊ दे, नंतर तो कमी होताना दिसला पाहिजे. मागे गाणं लावू नका राव, घेणाऱ्याला पिस्टनचा आवाज ऐकायचाय. आणि माणूस बघायला येईल त्या दिवशी आधी गरम करून ठेवू नका, मी पोचल्या पोचल्या पहिला हात सिलिंडरला लावतो आणि कोमट लागला की माझी बोली तिथेच खाली येते.

आता ऑटोल्युब पंप. यामाहाने हा प्रकार १९६४ मध्ये आणला, ऑइल वेगळ्या टाकीत आणि पंप थ्रॉटलप्रमाणे हवं तेवढं देतो, पेट्रोलमध्ये मिसळायची भानगड नाही. पण जुन्या आरडीवर कितीतरी जणांनी पंप काढून टाकलाय किंवा केबल सोडून ठेवलीय आणि मिक्स पेट्रोलवर चालवतात. तुमची कुठल्या अवस्थेत आहे ते प्रश्नात नाहीये. पंप जोडलेला नसेल किंवा त्यातली हवा काढलेली नसेल तर टाकीच्या झाकणाला पुठ्ठ्याचं लेबल बांधा, "मिक्स पेट्रोलच घाला, पंप बंद आहे". हसू नका, नवीन मालक बाजूला ऑइलची टाकी भरलेली बघतो, खुशाल साधं पेट्रोल भरतो आणि थोड्याच अंतरावर दोन्ही पिस्टन जाम. मग फोन तुम्हालाच येणार.

चेंबरचं तसंच. चेंबर म्हणजे नुसता आवाजाचा पाइप नाही, त्याच्या फुगीर आणि निमुळत्या आकारातून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनिअर वॉल्टर काडनने १९५० च्या दशकात हे इतकं बारीक केलं की १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली, आणि त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसवरून पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. असो, विषय निघाला की मला थांबवत नाही. मुद्दा हा की चेंबर लावून मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मूळचेच ठेवले तर वरच्या आरपीएमला गाडी लीन चालते. तुमच्या कार्बमध्ये कुठले जेट आहेत ते काढून नंबर वाचा आणि लिहा. आणि ते गुंडाळलेले मूळ सायलेन्सर म्हणजे तुमच्या खोक्यांतली सगळ्यात महागडी वस्तू आहे, चेंबर कुठूनही नवीन मिळतात, न सडलेले मूळ सायलेन्सर मिळत नाहीत. जाहिरातीत त्यांचा वेगळा फोटो टाका, ते वेगळे विकायचा मोह होईल, करू नका, त्यांच्यामुळेच अख्खी गाडी वरच्या भावात जाते.

फ्रेमबद्दल एक भीती आहे. पावडर कोट जाड असतो आणि फ्रेमच्या डोक्यावर ठोकलेला नंबर त्यात बुजतो. त्या काळच्या यामाहाचा फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर कारखान्यातूनच सारखे असायचे, तुमच्या मॉडेलला ३५१ ने सुरू होतात, म्हणून आरडी घेणारा पहिले ते दोन्ही जुळवून बघतो. नंबर पुसट दिसला की त्याच्या मनात लगेच ग्राइंडर येतो. तर तिथे पॉलिश पेपर किंवा वायरचा ब्रश लावू नका, आकड्यांची कड गेली की खरा नंबर पण खोटा दिसतो. पेंट रिमूव्हर कापसाने लावून फक्त तेवढाच भाग मोकळा करा आणि वर पारदर्शक लॅकरचा हात द्या. कोटिंगच्या आधीचे फोटो असतील तर सोन्यासारखे जपा. इंटरनेटवर टाकताना मधले दोनतीन आकडे झाका, प्रत्यक्ष आलेल्याला पूर्ण दाखवा आणि कागदांवरच्या नंबराशी त्याच्यासमोर जुळवा. कोटिंग बेअरिंगच्या कपात, बोल्टच्या आट्यांत आणि अर्थिंगच्या जागी पण बसलेलं असणार, ते खरवडायचं काम पुढच्याचं, फक्त सांगून ठेवा.

(जाता जाता, नंबर न जुळणं म्हणजे घोटाळा असं प्रत्येक गाडीत नसतं. १९६९ ची कावासाकी एच१ घ्या, तिच्या फ्रेमला केएएफ आणि इंजिनला केएई, आकडे कारखान्यातूनच वेगळे. यामाहाचा नियम तिला लावून लोक उगाच भांडतात.)

टाकीला हात लावू नका. मूळ रंग, ओरखडे आणि एक डेंट हे नवीन रंगापेक्षा भारी, कारण नवीन रंगाखाली काय आहे ते कोणालाच माहीत नसतं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे पट्टे परत आणता येत नाहीत. आतला गंज पण राहू दे. विकायच्या आठवड्यात टाकीत सीलर ओतणारे लोक बघितलेत मी, गंज नीट न काढता ओतलेला सीलर वर्षभरात सालपटं सोडतो आणि ती जाऊन जेटमध्ये बसतात. आत टॉर्च मारून फोटो घ्या, गंज आहे तसा दाखवा, तो कसा काढायचा ते घेणारा बघेल.

त्याऐवजी एक स्वस्तातलं काम करा, केसिंगचे स्क्रू. जपानी गाड्यांचे चार-खाची स्क्रू आपल्या नेहमीच्या पेचकसाचे नसतात, त्यांचा जेआयएस म्हणून वेगळा आकार आहे, साधा पेचकस वर उसळतो आणि डोकं घासून गोल होतं. केसिंगवर गोल झालेली डोकी आणि छिन्नीचे घाव दिसले की जाणता माणूस आत काय झालं असेल ते बघायच्या आधीच समजतो. अख्खा नवीन सेट टाका, जुने पिशवीत घालून द्या. खोकी पण लावून घ्या, प्रत्येक पिशवीवर मार्करने काय कुठलं ते, आणि जे नाहीये त्याची वेगळी यादी. डाव्या बाजूचं साइड कव्हर नाही असं तुम्हीच आधी सांगितलंत तर तो त्याची किंमत कापतो, त्याने शोधून काढलं तर त्याच्या दुप्पट कापतो आणि बाकी सगळ्यावर पण संशय घेतो.

सुटी करून विकण्याबद्दल, हो, बेरीज जास्त येते. पण पहिल्या महिन्यात सायलेन्सर, कार्ब, टाकी, मीटर जातात आणि मग वर्षभर तुम्ही ब्रेकचा एक लिव्हर पॅक करत बसता, तुम्हाला तर घर बदलायचंय. आणि नंबर जुळणारी, कागद असलेली आरडी फोडणं मला जिवावर येतं, यामाहाने जपानमध्ये १९७३ ते ७५ एवढीच ती बनवली, १९७६ ला आरडी ४०० आली.

जाहिरातीत "रेस्टोर केलेली" हा शब्द नको, "थोडंच काम बाकी" तर मुळीच नको, ते वाचून मी पुढे जातो. काय झालं, कधी झालं, कोणते भाग घातले, काय बाकी, काय गहाळ, असं लिहा, आणि प्रेशर टेस्टचे आकडे दोन्ही सिलिंडरचे वेगवेगळे. फोन येतील, त्यातले बरेच "लास्ट किती" वाले असतील, कॉलेजात अशी गाडी बघितलेले असतील, त्यांच्याशी गप्पा मारा, वेळ ठरवू नका. जो क्रँक सील, ओव्हरसाइज नाहीतर पंपाबद्दल विचारतो त्याला बोलवा. वायरिंग आणि ब्रेक नसलेल्या गाडीवर कोणाला चक्कर मारू देऊ नका, कितीही जुना टू-स्ट्रोकवाला असला तरी. व्यवहार ठरला की झालेलं, बाकी आणि गहाळ अशी तीच यादी कागदावर, दोघांच्या सह्या, एकेक प्रत.

किमतीचा नेमका आकडा मी आत्ता सांगणार नाही, कारण तो २५ कापायचा का पाच ते अजून तुम्हालाच माहीत नाही. आधी चमचाभर ऑइल घाला, टेस्ट करा, आणि डावा उजवा दोन्हींचा काटा सहा मिनिटांनी कुठे थांबला ते सांगा. पिस्टनच्या माथ्याचे फोटो पण पाठवा, बाण नीट दिसेल असे.